राजासमोर वजीर

बुद्धिबळाचं रसग्रहण बहुतेक वेळा खेळून झालेल्या डावाचं होतं. अमक्याने हत्ती देऊन घोडा आत घातला, तमक्याने काटशह काढून डाव फिरवला, अशा वळणांवर आपण वाहवा करतो. या लेखात एकही डाव पुरता खेळला जाणार नाही. 32 मोहरी आपापल्या घरात उभी आहेत, अजून कोणी हात लावलेला नाही, एवढ्याच अवस्थेबद्दल मला लिहायचं आहे. ती सगळीकडे तीच असते असं आपण धरून चालतो, त्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही. लहान मूलसुद्धा ती अर्ध्या मिनिटात लावतं आणि पुढे सरकतं. माझं म्हणणं असं की निम्मा डाव त्या अर्ध्या मिनिटात लिहून झालेला असतो. आणि ती मांडणी सगळीकडे एक नव्हतीच.

आधी आपल्या ओळखीची, म्हणजे स्पर्धांमध्ये लावतात ती विलायती मांडणी घेऊ. बुद्धिबळातला 'जोर' हा शब्द जुन्या खेळणाऱ्यांच्या तोंडी सतत असतो. एखाद्या मोहऱ्याच्या पाठीशी दुसरं मोहरं असलं की त्याला जोर आहे. नसलं तर ते बिनजोर. या एका शब्दाने मांडणी वाचत गेलो की ती बोलायला लागते. कडेच्या प्याद्यांना हत्तीचा जोर. घोड्यासमोरच्या प्याद्यांना शेजारच्या उंटांचा. मधल्या दोन प्याद्यांची तर चैनच आहे: राजा, वजीर, एक उंट आणि एक घोडा असे प्रत्येकी चार पाठीराखे. वजिराच्या उंटासमोरच्या प्याद्याला एकट्या वजिराचा आधार, पण तो वजिराचा आहे. उरलं राजाच्या उंटासमोरचं प्यादं. त्याच्या मागे फक्त राजा. ज्याला जपण्यासाठी सगळी फौज उभी केली, तोच इथे पहाऱ्यावर. शाळेतल्या पोरांना पहिल्यांदा जी चार चालींची मात शिकवली जाते, उंट आणि वजीर मिळून एकाच घरावर तुटून पडतात ती, ती याच घरावर होते. हा खेळाडूचा हलगर्जीपणा नाही. मांडणीतच ती फट आहे.

आणखी एक गोष्ट जोर मोजताना दिसते. घोड्यांना हत्तीचा जोर आहे, एका उंटाला वजिराचा, दुसऱ्याला राजाचा, वजिरालाही राजाचा. कोपऱ्यातल्या हत्तींना मात्र कोणाचाच नाही. फौजेतलं वजिराखालोखाल वजनदार मोहरं पहिल्या क्षणी बिनजोर उभं असतं. म्हणूनच घोड्यासमोरचं प्यादं फुटलं आणि तिथे शत्रूचा उंट बसला की कोपऱ्यातला हत्ती हकनाक जातो. नवशिक्याला तो अपघात वाटतो.

आता समोरासमोर काय आहे ते पाहा. विलायती मांडणीत मध्ये आरसा धरल्यासारखं असतं. राजासमोर राजा, वजिरासमोर वजीर, हत्तीसमोर हत्ती. दिसायला अगदी न्यायाची वाटणी. पण पटाच्या पलीकडे जाऊन बसलं की गंमत कळते. पांढरी मोहरी घेणाऱ्याचा वजीर त्याच्या डाव्या हाताला असतो, काळी घेणाऱ्याचा उजव्या. आरशात डावं-उजवं उलटतं, तेच इथे होतं. दोघे एकाच मांडणीतून निघतात असं आपण म्हणतो, पण दोघांना दिसणारी फौज वेगळी. पांढऱ्यांनी पाठ केलेली चाल काळ्यांनी खेळायची तर हात बदलावा लागतो. अनेक मुलं एका रंगाने बरी आणि दुसऱ्याने चाचपडत खेळतात. पहिली चाल कोणाची हे त्याचं एक कारण, आणि डोळ्यांना झालेली डाव्या-उजव्याची सवय हे दुसरं.

आपल्याकडच्या देशी खेळात बऱ्याच ठिकाणी हा आरसा नव्हता. दोघांचाही वजीर राजाच्या एकाच हाताला मांडत. दोघे समोरासमोर बसलेले असल्यामुळे एकाच्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर यायचा आणि वजिरासमोर राजा. पट अर्धा गोल फिरवला तरी काही बदलत नाही. पलीकडे जाऊन बसा, फौज तंतोतंत तशीच: राजा इथे, वजीर तिथे. एकाच आरंभापासून दोघांनी निघणं म्हणजे काय, याचं उत्तर खरं तर या मांडणीत आहे.

ही रीत का पडली असावी, याचा धागा पटाशी जुळतो. जुना देशी पट काळ्या-पांढऱ्या चौकटींचा नसायचा. एकरंगी कापडावर शिवलेल्या किंवा रेघांनी आखलेल्या 64 घरांवर लाल-हिरवी लाकडी मोहरी. विलायती खेळात 'वजीर आपल्या रंगाच्या घरात' हा नियम मुलांना पाठ असतो. एकरंगी पटावर त्या नियमाला अर्थच राहत नाही. तिथे हाताने लक्षात ठेवायचं: वजीर कुठल्या हाताला. आणि हाताने लक्षात ठेवलं की मांडणी आपोआप फिरलेली येते, आरशातली येत नाही. चौकटी रंगवण्याची कल्पना युरोपातली. त्या रंगाने मांडणीच पालटली असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण रंगाचा नियम आरशाला सोयीचा आणि हाताचा नियम फिरकीला सोयीचा, एवढं तर्काला धरून आहे. एकरंगी पटावर उंटाची तिरपी वाट निव्वळ नजरेने ओढावी लागते, हा आणखी एक भाग. ज्यांनी तशा पटावर खेळून पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल की लांबून येणारा उंट किती उशिरा दिसतो.

वरवर पाहता दोन मोहऱ्यांची अदलाबदल. परिणाम मात्र मोठा आहे. विलायती मांडणीत वजिरांसमोरची प्यादी मारामारीत गेली की मधली वाट मोकळी होते आणि वजीर वजिराला भिडतो. वजिरावारी वजीर जातात आणि डाव निवतो. बरोबरी हवी असणाऱ्याचा हा ठरलेला रस्ता. देशी मांडणीत तीच वाट मोकळी झाली तर वजिराच्या समोर थेट शत्रूचा राजा. निवणं दूरच, वाट उघडल्या क्षणी शह. शेजारच्या वाटेवर उलटा मामला: तिथे शत्रूचा वजीर आपल्या राजाकडे टक लावून बसला आहे. म्हणून देशी डावात सुरुवातीची सगळी ओढाताण एका प्रश्नाभोवती फिरते: मधल्या दोन वाटांपैकी आधी कोणती उघडणार? ज्याच्या त्याच्या वजिराची वाट ज्याला त्याला उघडी हवी आणि दुसरी बंद. विलायती खेळाला मधली घरं काबीज करायची असतात. देशी खेळात मधल्या वाटांवर दोन शेजाऱ्यांचा बांधावरचा तंटा चालतो. माझ्या मते खेळ म्हणून हा जास्त नाट्यमय आरंभ आहे. न्यायाचा म्हणाल तर दोन्ही सारखेच.

इतकं धोक्याचं असूनही देशी डाव पहिल्या पाच-सात चालींत सहसा पेटत नसे. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं उडी मारत नाही, एकच घर सरकतं. विलायती मांडणीत पहिली चाल 20 प्रकारे करता येते: आठ प्याद्यांच्या 16 आणि दोन घोड्यांच्या चार. दोघांची एकेक चाल झाली की 400 शक्यता. देशीत प्याद्यांच्या आठ आणि घोड्यांच्या चार, म्हणजे 12. दोघांच्या मिळून 144. अरुंद दारातून निघालेला खेळ. त्यात राजाची एक खास सवलत: बऱ्याच ठिकाणच्या नियमांत राजाला आयुष्यात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येते. ती धरली तर पहिल्या चालीच्या 14 शक्यता, कारण राजा पहिल्याच फटक्याला प्याद्यांच्या डोक्यावरून पुढे येऊन उभा राहू शकतो. असा राजा कोणी काढत नाही, अर्थात. पण कायद्याने त्याला मनाई नाही, हे मला फार आवडतं.

या उडीला एक अट असते. राजाला एकदा शह बसला की उडीचा हक्क गेला. विलायती किल्लेकोटात असं नाही. तिथे शह चुकवून, राजा न हलवता, पुढे कधीही कोट बांधता येतो. देशीत मात्र पहिला शह म्हणजे नुसता धक्का नव्हे, तो राजाच्या पायात पडलेला खोडा आहे. आता वरची मांडणी पुन्हा आठवा. वजिरासमोर राजा. वाट उघडली की शह. शह बसला की उडी गेली. मांडणी, प्याद्याची चाल आणि राजाची उडी हे तीन वेगळे नियम वाटतात, पण एकमेकांत असे अडकवलेले आहेत की एक काढला तर दुसरे दोन लुळे पडतील. चांगल्या कवितेत यमक, छंद आणि अर्थ यांचं जसं होतं तसंच.

आणि शेवटही मांडणीत आहे. विलायतीत शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा जवळजवळ नेहमी वजीर होतो. ते कुठल्या रांगेतून आलं याला किंमत नाही. देशीत बहुतेक ठिकाणी ते ज्या घरात पोचेल त्या घराचं मूळ मोहरं होतं. घोड्याच्या घरात गेलं तर घोडा, उंटाच्या घरात उंट, कोपऱ्यात हत्ती. वजीर हवा तर मधली घरं गाठली पाहिजेत. म्हणजे पन्नास चाली झाल्यावर, फौजा कापल्या गेल्यावर, पटावर चार-पाच सोंगट्या उरल्या असतानाही आरंभीची मांडणी तिथेच असते, न दिसणारी. मारामारीत प्यादं एक घर तिरपं सरकलं की त्याचं भवितव्य बदलतं. ते घोडा होणार होतं, आता उंट होईल. मराठीत प्यादेमात ही नामुष्कीची परमावधी का मानली जाते, हेही इथे उमगतं. जे प्यादं अजून कोणीच झालेलं नाही त्याने राजाला संपवायचं.

लोणावळ्यात वलवणला आमच्याकडे पावसाळ्यात घराबाहेर पडण्यात अर्थ नसतो. शनिवार-रविवारी लोणावळ्याचे रस्ते भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी तुंबलेले, आणि पाऊस असा की वलवणच्या धरणाची भिंत घरातून दिसत नाही. अशा दिवसांत काही मंडळी जमतात आणि पट निघतात. लोणावळ्याला रेल्वेमुळे आणि टाटांच्या जलविद्युत कामामुळे शंभर वर्षांहून अधिक काळ बाहेरून माणसं येत राहिली. वलवणच्या तळ्याचं पाणी खाली खोपोलीला नेऊन वीज करायला 1915 साली सुरुवात झाली. त्या कामांवरची माणसं आपापल्या गावचे नियम घेऊन आली. त्यामुळे इथल्या जुन्या खेळणाऱ्यांत प्रत्येकाचा देशी खेळ थोडा वेगळा. कोणाकडे राजाची उडी शह बसल्यावरही चालते, कोणाकडे दोन प्यादी एकदम सरकवून सुरुवात, कोणाकडे नुसता राजा उरला तर बुर्जी झाली म्हणायचं आणि जिंकणाऱ्याने मान खाली घालायची, कारण मात करायला त्याला काही शिल्लक ठेवता आलं नाही.

यंदा ठरलं की सगळ्यांनी एकच देशी मांडणी लावायची, नियम आधी नक्की करायचे, आणि डाव संपले की कोणाचं काय झालं ते सांगायचं. सांगणं हाच खरा कार्यक्रम. एका बाजूला मोबाइलवर रोज खेळणारी, आठवीतली मुलगी. समोर जलविद्युतमधून निवृत्त झालेले एक आजोबा, ज्यांचा हात कापडी पटावर बसलेला. मुलीने सवयीने चार चालींची मात लावली. राजासमोरचं प्यादं एक घर, उंट बाहेर, वजीर कडेला, आणि वजिराने आपल्या राजाच्या उंटाच्या रांगेतल्या शत्रूच्या प्याद्यावर झडप.

"मात!"

"कुठली मात गं बाई? माझा वजीर बघ की."

समोर राजा नव्हताच. त्या प्याद्याच्या मागे आजोबांचा वजीर उभा. त्याने तिचा वजीर मारला, तिच्या उंटाने त्यांचा मारला. हिशेब केला तर तिला एक प्यादं फायद्यात मिळालं होतं, त्यामुळे चाल वाया गेली असं नाही. पण मात झाली नाही. तिच्या बोटांत भरलेली वाट दुसऱ्या मांडणीची होती.

नंतर पट परत लावून आजोबांनी तिला त्यांची वाट दाखवली, आणि ती या सगळ्या पावसाळ्यातली माझ्या मते सर्वांत देखणी गोष्ट. फिरलेल्या मांडणीत शत्रूचा राजा वजिराच्या जागी आहे. म्हणजे फक्त राजाच्या जिवावर असलेलं प्यादंही सरकलं: ते आता आपल्या वजिराच्या उंटाच्या रांगेत आहे. तिथे पोचायचं कसं? वजिरासमोरचं प्यादं एक घर. मोकळ्या झालेल्या तिरप्या वाटेने वजिराचा उंट तीन घरं बाहेर. मग वजीर फक्त एक पाऊल पुढे, प्याद्याने सोडलेल्या घरात. काहीच घडलं नाही असं वाटणारी चाल. तिथून तिरपा कडेला, पाचव्या ओळीत. आणि पाचव्या चालीला ते प्यादं मारून मात. उंटाचा जोर असल्यामुळे राजाला वजीर मारता येत नाही, आणि पळायला शेजारी स्वतःचीच माणसं दाटून उभी. दोन्ही मातांची कल्पना एकच आहे, उंट आणि वजीर मिळून राजाच्या उघड्या पहाऱ्यावर. पण विलायतीत काम राजाच्या उंटाकडे असतं, देशीत वजिराच्या उंटाकडे. विलायतीतला वजीर चौथ्या चालीला पोचतो, देशीतल्याला वळसा घालावा लागतो. ती एक पाऊल पुढची चाल समोरच्याला सावध करायला पुरते की नाही, यावर मग बराच वेळ वाद झाला. घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवलं तरी वाट बंद होते, हे मुलीने लगेच दाखवलं. ते आजोबांना ठाऊक होतंच. "पण सरकवतंय कोण?" एवढंच त्यांचं उत्तर.

इतर जोड्यांच्या गोष्टी याहून रटाळ, पण एक सूत्र त्यांत सापडलं. विलायतीत मुरलेल्यांनी सवयीने मध्ये प्यादी भिडवली आणि वाटा उघडून घेतल्या. त्यांच्या डावांत पहिला शह लवकर पडला आणि उडी गेली. देशी हाताच्या मंडळींनी मधली दोन्ही प्यादी जिथल्या तिथे अडकवून ठेवली आणि कडेने घोडे काढले. त्यांचे डाव लांबले, एक तर चहाच्या दोन फेऱ्या उलटल्या तरी संपला नाही. एकच आरंभ, पण एकाने त्यात धोका वाचला आणि दुसऱ्याने घाई. दोघांनीही बरोबरच वाचलं होतं.

एकाच आरंभाबद्दल खेळाडूंनी अनुभव ताडून पाहणं हे वलवणच्या पावसापुरतं नाही, फार जुनं आहे. नवव्या-दहाव्या शतकांत बगदादेत अल-अदली आणि अस-सूली हे शतरंजचे मोठे जाणकार होऊन गेले. त्या खेळात वजीर आणि उंट आजच्यासारखे लांब पल्ल्याचे नव्हते, त्यामुळे पहिल्या डझनभर चालींत दोन फौजा एकमेकींना शिवतच नसत. खेळाडू आपली फौज ठरावीक रचनेत आणून उभी करत आणि खरा डाव तिथून सुरू होई. अशा रचनेला तअबिया म्हणत, आणि तिला नावं असत: पंखवाली, शेखांची, लोंढा. अस-सूलीचा शिष्य अल-लजलाज याने अशा रचनांपासून पुढे काय काय होतं हे तपशीलवार लिहून ठेवलं. म्हणजे आरंभ दोन होते: नियमाने दिलेला एक आणि खेळाडूने निवडलेला एक. देशी खेळाच्या संथ सुरुवातीत मला त्याच सवयीचा वास येतो.

आपल्याकडचं याहून जवळचं उदाहरण दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा ग्रंथ रचला आणि 1814 साली मुंबईत तो इंग्रजीतून छापला गेला. शीर्षकातच सांगून टाकलं होतं की हे युरोपीय रीतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं आहे. तीनच वर्षांत, 1817 साली, विल्यम लुईस या इंग्रज खेळाडूने त्यावर आधारलेलं पुस्तक लंडनमध्ये काढलं. ग्रंथात आहेत त्या डावातल्या अडचणीच्या अवस्था. वाचकासमोर पट अर्धा खेळलेला ठेवायचा आणि इथून पुढे जिंकून दाखव म्हणायचं. शास्त्रीबुवांनी वाचकाला दिलेला तो आरंभच. पुण्यात बसून सोडवणारा आणि लंडनमध्ये बसून सोडवणारा एकाच जागेवरून निघत होते, पण एकाच्या डोक्यात राजाची अडीच घरं आणि दुसऱ्याच्या डोक्यात किल्लेकोट. 'जुळवून घेतलेलं' या दोन शब्दांत केवढी कसरत दडली असेल! दोन्ही नियम ज्याला आतून कळतात तोच ती करू शकतो, आणि त्या पिढीत अशी माणसं किती असतील?

दोन मांडण्यांमध्ये सापडलेल्या खेळाडूचं नाव घ्यायचं तर मीर सुलतान खानचं. पंजाबातला, देशी खेळावर वाढलेला. विलायती नियम मोठेपणी शिकला आणि 1929 साली इंग्लंडात जाऊन ब्रिटिश विजेता झाला. पुढे 1932 आणि 1933 सालीही. हेस्टिंग्जला 1930-31च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं. त्याची सुरुवात कच्ची आणि शेवट अफाट, असं सगळे लिहितात. कच्ची म्हणजे काय, हे मात्र कोणी फारसं उलगडत नाही. मला वाटतं, त्याला सुरुवातीची घाई कळतच नसावी. ज्या खेळात प्यादं एकेक घर सरकतं तिथे दहाव्या चालीपर्यंत सहसा कोणी काही हरत नाही. विलायतीत हरतो. तो विलायती मांडणी देशी डोळ्यांनी वाचत होता, आणि तरीही जिंकत होता. जागतिक संघटनेने त्याला सन्मानाचं ग्रँडमास्टरपद दिलं ते 2024 साली, त्याच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी.

सुलतान खानच्या त्या दिवसांनंतर देशी मांडणी स्पर्धेतून गेली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ 1951 साली स्थापन झाला, आणि 1955 साली एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले तेव्हा पटावर राजासमोर राजाच होता. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने जी पिढी घडवली तीही विलायती मांडणीवरच. ते योग्यच झालं. जगाशी खेळायचं तर जगाची मांडणी हवी.

पण गंमत अशी की जगालाच ती पुरेनाशी झाली. बॉबी फिशरने 1996 साली ब्वेनोस आयरीसमध्ये जाहीर केलं की पहिल्या ओळीतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायची. अटी दोनच: उंट दोन रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी. अशा 960 मांडण्या होतात. गणित सोपं आहे: उंटांना चार गुणिले चार, वजिराला उरलेल्या सहांपैकी एक घर, घोड्यांच्या दहा जोड्या, आणि उरलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती. आपली रोजची मांडणी या यादीत 518 क्रमांकावर आहे. नऊशे साठांतली एक, एवढीच तिची पायरी. फिशरचा राग होता तो पाठांतरावर. खेळाडू विसाव्या चालीपर्यंत विचारच करत नाहीत ही त्याची तक्रार. आरंभ वाचायचं बंद झालं, असं मी म्हणेन.

फेब्रुवारी 2024मध्ये जर्मनीत वाइसेनहाउसला कार्लसन, गुकेश, कारुआना, डिंग वगैरे आठ जण याच रीतीने खेळले. तिथे एक प्रथा होती जी पाहून मला हेवा वाटला. मांडणी जाहीर झाली की पांढरी मोहरी असलेले सगळे एका पटाभोवती आणि काळी असलेले दुसऱ्या पटाभोवती जमत आणि दहा मिनिटं मिळून ती वाचत. कुठलं प्यादं बिनजोर आहे, कुठला उंट अडकला आहे, पहिला धोका कोणत्या घरावर. जगातले सर्वोत्तम खेळाडू, पुढच्या फेऱ्यांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी होऊ शकणारे, एका अनोळखी आरंभापुढे विद्यार्थ्यांसारखे उभे. त्यानंतर प्रत्येकाने तो आपापल्या परीने खेळायचा. स्पर्धा कार्लसनने जिंकली. मला त्याहून ती दहा मिनिटं महत्त्वाची वाटतात.

या 960 मांडण्यांची गोष्ट वलवणला सांगितली तेव्हा आजोबांनी विचारलं की यात आपली आहे का. नाही. फिशरच्या सगळ्या मांडण्या आरशातल्या. पांढऱ्यांची जी रांग निघेल तीच काळ्यांची, समोरासमोर. त्या यादीत कितीही शोधलं तरी देशी मांडणी मिळायची नाही. मुलीने वहीत चौकटी आखल्या. प्रत्येक रांग आरशाऐवजी फिरवून लावली तर? आणखी 960. दोन्ही याद्यांत एखादी मांडणी दोनदा येते का, हे तपासायला तिला वेळ लागला नाही. आरशात राजे नेहमी समोरासमोर येतात. फिरवलं तर येणं शक्यच नाही, कारण पटाला आठ उभ्या रांगा आहेत, मधली अशी एक रांग नाही. म्हणजे एकूण 1920. पुढच्या शनिवारसाठी त्यातली एक चिठ्ठी टाकून काढली आहे: दोघांचेही राजे आपापल्या डाव्या कोपऱ्याशेजारी, वजीर उजव्या कोपऱ्यात. कुठलं प्यादं बिनजोर आहे, यावरून आत्ताच दोन तट पडले आहेत.